मेहराबीमागचं स्वयंपाकघर

आमच्या स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत ही मशिदीची पश्चिमेकडची भिंत होती. मशिदीत इमाम ज्या कोनाड्यात उभा राहतो त्या मेहराबीचा फुगवटा आमच्या बाजूला, चुलीच्या डाव्या अंगाला, अर्धगोल होऊन बाहेर आलेला होता. अम्मी त्याला कधी पाठ टेकवून बसली नाही. त्यावर तिने खिळाही ठोकू दिला नाही, त्यामुळे झारे आणि पळ्या उरलेल्या भिंतीवर दाटीवाटीने टांगलेल्या असत. दिवसातून पाच वेळा भिंतीपलीकडे माणसं ओळीने उभी राहायची आणि अलीकडे डाळ शिजत असायची. खिचडीबरोबर लागणाऱ्या तीळ-चिंचेच्या खट्ट्याला अम्मी फोडणी द्यायची ती बहुधा पलीकडे कपाळं जमिनीला टेकून सजदा चालू असताना, आणि लसणाचा वास मशिदीत जातो अशी तक्रार कुणी ना कुणी करायचंच. अब्बांच्या वडिलांना आम्ही दादामियाँ म्हणायचो. ते म्हणायचे, "सारी जमात तुझ्या चुलीकडं तोंड करून उभी राह्यली, सूनबाई. मीठ बराबर टाकत जा."

मशीद जुन्या जालन्यात, मस्तगडच्या बाजूच्या एका गल्लीत होती. अब्बा तिथे पेश-इमाम होते, म्हणजे पाचही नमाजा तेच पढवायचे. कमिटीने त्यांना बेताचा पगार आणि मशिदीला चिकटून दोन खोल्या दिल्या होत्या. सकाळी अंगणात ते गल्लीतल्या मुलांना अरबी शिकवत. त्यांचं स्वतःचं शिक्षण उत्तरेकडच्या एका मदरशात झालं होतं आणि तिथे त्यांना सर्वांत जास्त आवडलेला विषय होता मन्तिक, म्हणजे तर्कशास्त्र. जेवताना ते भाकरीचे तुकडे मांडून आम्हाला विधानं आणि निष्कर्ष समजावायचे. इल्माच्या, म्हणजे ज्ञानाच्या, दोन वाटा, असं त्यांचं सांगणं असे. एक नक्ल, म्हणजे वरून सांगितलेलं आणि पिढ्यांनी जसंच्या तसं पोचवलेलं. दुसरी अक्ल, म्हणजे माणसाने स्वतः शोधलेलं. "दोन्ही एकाच मालकानं दिल्यात," ते म्हणत, "मंग त्यांचं भांडण लावणारे आपण कोण?" अम्मी म्हणायची, "पहले रोटी खाओ, फिर भांडण मिटाओ."

दादामियाँचं गाव बदनापूरच्या बाजूचं. तिथे मुसलमानांची घरं थोडी आणि बोली मराठी, त्यामुळे आमच्या घरात अम्मीची दखनी, अब्बांची मदरशातली उर्दू आणि दादामियाँची मराठी एकाच ताटात असायची. दादामियाँनी उभी हयात ट्रक चालवला. सरकी, मोसंबी, पुढे लोखंड. गाडी सुटली तरी सवय सुटली नव्हती. खाटेवर बसले तरी समोर बोनेट असल्यासारखी हनुवटी वर धरून लांब पाहत बसायचे. छातीचं दुखणं लागल्यामुळे गाडी सोडावी लागली होती. डॉक्टरांनी वाकणं-उठणं कमी करा, नमाज खुर्चीवर बसून पढा असं सांगितलं होतं. त्यांच्या गोळ्यांची डबी माझ्या ताब्यात होती. मी शाळेतून आल्यावर त्यांच्याजवळ बसायचं, श्वास लागला तर अम्मीला हाक मारायची, हे माझं काम. ते मला नज्जो म्हणत. श्वास लागणं कसं ओळखायचं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून मी सतत ऐकत असे.

मशिदीची फरशी खचली होती, आणि ती बदलायची तर मागचा ओटाही वाढवून घ्यावा असं कमिटीने ठरवलं. ओट्याच्या स्लॅबसाठी लोखंडी सळयांचे भारे आले आणि पावसात गंजू नयेत म्हणून आत, पहिल्या ओळीच्या जागेपासून बाजूच्या भिंतीला लागून रचून ठेवले. लोक त्यांच्या बाजूलाच नमाज पढू लागले. जालन्यात सळई कुणाच्या नजरेत भरत नाही. ती हातगाडीवर असते, ट्रकमधून मागे लोंबत असते, घराच्या गच्चीवर पुढच्या मजल्याची वाट पाहत उभी असते. ही गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्याच सुमारास गल्लीतले हाजी इब्राहिम हज करून आले. त्यांनी सगळ्यांना खजूर आणि जमजमचं पाणी दिलं, आणि अब्बांसाठी एक जानमाज, म्हणजे नमाजेची चटई, आणली. तिच्यासोबत किबला, म्हणजे मक्केची दिशा, दाखवणारी एक छोटी होकायंत्राची डबी होती. सुई उत्तरेला लावायची, आपल्या शहराचा आकडा जुळवायचा, आणि बाण जिकडे जाईल तिकडे मक्का. जालन्याचा आकडा त्यात नव्हता. हाजीसाहेबांनी मुंबई आणि हैदराबादच्या मधला धरला. दुपारची जुहरची नमाज झाल्यावर त्यांनी डबी पहिल्या ओळीत जमिनीवर ठेवली. बाण मेहराबीकडे गेला नाही. तो वजूच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवायच्या नळांकडे, जवळजवळ नैऋत्येला गेला.

हे मी पाहिलं नाही. बायका-मुली मशिदीत जात नसत. माझा मोठा भाऊ जावेद तिथे होता, त्याने घरी येऊन सांगितलं. तो पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकत होता, त्यामुळे हाजीसाहेबांनी डबी त्याच्याच हातात दिली. "इंजिनेर, तू बघ." त्याने त्याच जागी परत ठेवून पाहिलं, मग दोन हात सरकून पाहिलं. बाण तिकडेच. पुढे वर्तमानपत्रात काम करताना एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं की एकाच माणसाला दोनदा विचारलं म्हणजे दोन साक्षीदार होत नाहीत. मला तेव्हा ती डबी आठवली होती.

अब्बांना ही बातमी मामुली नव्हती. मक्केपासून लांब राहणाऱ्याला नेमकी इमारत गाठता येत नाही, त्याने त्या बाजूला तोंड केलं की पुरे, असं शास्त्र सांगतं. चुकीलाही सूट आहे, साधारण काटकोनाच्या निम्म्यापर्यंत. आपली जुनी मशीद सूर्य मावळतो तिकडे धरून बांधलेली, तेव्हा थोडा फरक असणार हे अब्बांना माहीत होतं. पण बाणाने दाखवलेला फरक त्या सुटीपलीकडे गेला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भाकरीचे तुकडेही मांडले नाहीत. कमिटीतले चारजण अंगणात आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "तपास होईस्तोवर आहे तसंच चालू राहील."

"मौलानासाहेब, आन् तपासात गलती निघाली तर?" हाजीसाहेबांनी विचारलं. "आमच्या बापजाद्यांच्या नमाजा गेल्या कुठं? वजूच्या नळात?"

कुणीतरी हसलं. अब्बा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हाजीसाहेब ओळीत तिरके उभे राहू लागले. शेजारच्यांना त्यांचे कोपर लागायचे, मागची पोरं फिदीफिदी करायची. शुक्रवारी आणखी काहीजण तिरके झाले. जावेद म्हणाला, ओळ अशी दिसत होती जशी पेटीत नीट न लावलेल्या काड्या.

आम्हा सगळ्यांचं लक्ष अब्बांकडे होतं. दादामियाँकडे कुणाचं नव्हतं. अंगणातलं बोलणं त्यांनी खाटेवरून ऐकलं होतं.

पहिला आवाज मी ऐकला तो शाळेतून आल्यावर. टिनाच्या डब्यात काहीतरी कडक पडल्याचा. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. आत जाऊन पाहिलं तर दादामियाँ जानमाजवर उभे होते. एका बाजूला खट्ट्याच्या चिंचेतून निघालेल्या चिंचोक्यांची टोपली होती, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचा रिकामा डबा. एक नमाज पुरी झाली की ते एक चिंचोका डब्यात टाकत होते. राहून गेलेली नमाज नंतर भरून काढणं याला कजा म्हणतात. गाडी सोडून आमच्याकडे आल्यापासून मशिदीत पढलेल्या सगळ्या नमाजा ते पहिल्यापासून पुन्हा पढायला लागले होते. नैऋत्येला तोंड करून. आणि खुर्चीवर नाही, उभं राहून, वाकून, कपाळ जमिनीला टेकवून.

"खुर्चीवर तरी बसा," मी म्हणाले.

"तवा उभं राहून पढल्तो की. मंग भरायची बी उभ्यानंच."

त्या दिवसांबद्दल माझ्या आठवणीत चित्रापेक्षा आवाज जास्त आहेत. गुडघ्यांची करकर. सजद्यातून उठताना जमिनीवर दाबलेल्या तळहाताची घसट. मग श्वास, जो एका दमात न येता पायऱ्या चढून यावा तसा यायचा. मग टिन. टिन वाजलं की मी श्वास सोडायचे. दोन आवाजांमधलं अंतर लांबलं की मी दाराशी जाऊन उभी राहायचे. वर्गातही मला तो आवाज ऐकू येई. बाईंनी खडू डब्यात टाकला तरी मी दचके. अम्मी सांडगे वाळत घालताना, कणीक मळताना मध्येच थांबायची आणि मान तिरकी करायची. ती काय ऐकते आहे हे मला कळत असे.

अब्बांनी समजावलं. आधी बापाला मुलगा समजावतो तसं, मग शागिर्दाला उस्ताद समजावतो तसं. "अब्बाजी, ज्यानं शोधलं, आन् जी दिशा समजली तिकडं पढला, त्याची नमाज झाली. मागून गलती कळली तरी झाली. परत पढायची जरूरत न्हाई. हे मी माझ्या मनचं बोलून राह्यलो न्हाई, सगळ्या मोठ्या आलिमांनी सांगितलंय."

"ज्यानं शोधलं त्याची," दादामियाँ म्हणाले. "मी कुठं शोधलं? रस्त्यावर हुतो तवा दर टायमाला शोधायचो. सावली बघायचो, ढगात उजेड कुठून येतो बघायचो, मानसाला इचारायचो. हितं आलो आन् शोधायचं सोडून दिलं. भिंत हाय ना, म्हनलं. भिंतीवर सोडलं सगळं."

मला वाटतं, अब्बांना हा प्रश्न दादामियाँच्या दुखण्याइतकाच छळत होता. मी पुढे वाचलं, की बसऱ्यात आणि बगदादमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वी याच धाग्याची दोन्ही टोकं ओढली गेली होती. एक पक्ष म्हणायचा, बरं-वाईट बुद्धीला स्वतःहून कळतं आणि ईश्वराचा न्यायही बुद्धीला उमगेल असाच असतो. दुसरा म्हणायचा, बुद्धीला तेवढा अधिकार दिला तर श्रद्धेला उरतं काय? तिसऱ्यांनी सांगितलं, बुद्धी दारापर्यंत दिवा धरते, आत पाऊल तुम्हालाच टाकायचं आहे. त्याच वादात हाही प्रश्न होता, की स्वतः न शोधता दुसऱ्यावर विसंबून ठेवलेला विश्वास धरला जातो का. मला या वादाची ओळख झाली ती बिस्किटांच्या डब्यावरून. आमच्या घरात श्रद्धाळू माणूस पुराव्यासाठी जीव द्यायला निघाला होता, आणि तर्कशास्त्राचा विद्यार्थी त्याला विश्वास ठेवा म्हणून विनवत होता.

अब्बांनी एक शब्द वापरला, वसवसा. मनात परतपरत येऊन कुरतडणारी शंका. "शंका आली म्हणून शोधणं ही अक्ल," ते अम्मीला म्हणाले. "शोधून झाल्यावर बी सोडत न्हाई, तो वसवसा. तो दिसतो दीनदारीसारखा, पण दीन न्हाई." दीन म्हणजे धर्म, दीनदारी म्हणजे तो पाळणं.

अम्मीने तिच्या पद्धतीने इलाज केला. दादामियाँ अंघोळीला गेले की टोपलीतले मूठभर चिंचोके डब्यात सारायची. दोन-तीनदा जमलं. मग एका सकाळी दादामियाँनी डबा हलवून पाहिला आणि तिला हाक मारली.

"सूनबाई, माझी गाडी उभी हाय आन् मीटर पळून राह्यलं. कसं काय?"

"मेरेकू क्या मालूम, अब्बाजी."

"अल्लाकडं बी असंच करशील का, माझ्या वतीनं?"

"करूंगी," अम्मी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन मेहराबीच्या फुगवट्याकडे पाहत रडली.

खुलासा जावेदने आणला. पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेचं प्रात्यक्षिक होतं आणि त्याने होकायंत्राजवळ लोखंडी साखळी ठेवली म्हणून सरांनी त्याला वर्गासमोर झापलं. तो तिथून तसाच सायकलवर घरी आला. मशिदीतल्या सळया त्याला आत्ता दिसल्या. त्याने डबी गच्चीवर नेली, लोखंडापासून लांब धरली, मग गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत, मग कब्रस्तानाच्या वाटेवर. तिन्ही ठिकाणी बाण वजूच्या नळांपासून पार फिरून मेहराबीकडे गेला. हाजीसाहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे सुई बी लोखंडाला भाळती." दुसऱ्या दिवशी ते ओळीत सरळ उभे राहिले.

आम्हाला वाटलं, संपलं. जावेद खाटेजवळ उकिडवा बसून दादामियाँना सांगत होता. सळया, सुई, लोखंडाची ओढ. दादामियाँ हनुवटी वर धरून ऐकत होते.

"मंग भिंत बिलकुल बराबर हाय?"

जावेद खोटं बोलू शकला असता. तो तसा नव्हता. "बराबर म्हंजे... जरासं उत्तरेला पाहिजे होतं. थोडंच. अब्बा म्हणतेत तेवढं चालतं."

"पन फरक हाय."

"थोडासा."

दादामियाँनी मान हलवली. दुपारी टिन पुन्हा वाजलं. आता ते मेहराबीपेक्षा किंचित उत्तरेला वळून पढत होते, आणि डबा रिकामा करून पहिल्यापासून. नैऋत्येला पढलेल्या त्या कजाही आता त्यांच्या लेखी वाया गेल्या होत्या.

त्यानंतर एके दिवशी दोन आवाजांमधलं अंतर फार लांबलं. मी दाराशी गेले. ते सजद्यात होते आणि उठत नव्हते. मी हाक मारली नाही. नमाज पढणाऱ्याला हाक मारायची नसते, ते मला लहानपणापासून शिकवलं होतं. आणि श्वास लागला तर हाक मारायची हेही शिकवलं होतं. त्या दोन शिकवणींच्या मध्ये मी उंबऱ्यावर उभी राहिले. मग त्यांचा हात जमिनीवर काहीतरी शोधल्यासारखा हलला आणि मी किंचाळले. अम्मी आली. मशिदीत असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, जमात उभी राहत होती, तिथून अब्बा धावत आले. डॉक्टर म्हणाले, या वेळी वाचले, पुढच्या वेळचं सांगता येत नाही.

अंथरुणावर उठवून बसवलं तसे ते म्हणाले, "नज्जो, डबा कुठंय?"

अब्बांनी हाजीसाहेबांची जीप मागितली. दादामियाँना हवापालट म्हणून बाहेर नेतो, एवढंच सांगितलं. पुढे बसवलं, मागे जावेद आणि गोळ्यांची डबी घेऊन मी. आभाळ पूर्ण भरलेलं होतं, सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. अब्बांनी दिवस निवडून घेतला होता हे मला नंतर समजलं. बदनापूरच्या पुढे, दादामियाँ ज्या धाब्यावर गाडी थांबवायचे तिथे त्यांनी जीप उभी केली. धाबा धनगर समाजातल्या बापूरावांचा. मागे मेंढवाड्यात अजून मेंढरं होती, भट्टीवर कढई होती, आणि बापूरावांनी दादामियाँना जीपमधून उतरताना ओळखलं.

"अरारा, डायव्हरसाहेब! मला वाटलं गेले तुम्ही."

"गेल्तो. वापस आलो. च्या पाज."

चहा झाला. अब्बा म्हणाले, "असरचा टाइम झाला, अब्बाजी. मला काही दिशा कळून न्हाई राह्यली. तुम्ही सांगा." त्यांचा बेत एवढाच होता, की दादामियाँनी ढगाळ दिवशी पूर्वीसारखी दिशा शोधावी, अंदाजाने पढावी, आणि त्यांना आठवावं की अशा कितीतरी नमाजा त्यांनी शंका न धरता अल्लाकडे सोपवल्या होत्या. त्या पलीकडचं अब्बांना माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

दादामियाँ आभाळाकडे पाहत होते तोच बापूराव म्हणाले, "आता काय शोधून राह्यले? तुमचे दगड हायेत की."

लिंबाखाली, सारवलेल्या जागेच्या पुढे, चुना मारलेल्या दगडांची एक ओळ होती.

"हे मी लावल्ते?" दादामियाँनी विचारलं.

"मंग काय मी? तुम्हीच म्हनले, बापूराव, दर बारीला मावळती इचारून मला कटाळा आला. दोन दिवस सावली बघून लावल्ते. तवापासून तुमचे सगळे डायव्हर लोक हितंच उभे राहतेत. हैदराबादचे, नागपूरचे, कुठले कुठले. कुनी काय इचारत न्हाई. दगड दिसला की चपला काढल्या. मी दर दिवाळीला चुना मारतो."

अब्बा अगदी हळू, मुलांना शिकवताना बोलत त्याहूनही हळू बोलले. "अब्बाजी, हे सगळे ड्रायव्हर. यांनी शोधलं न्हाई. तुमच्या दगडांवर सोडलं. यांच्या नमाजा गेल्या का?"

दादामियाँनी दगडांकडे पाहिलं. एक ट्रक रस्त्यावरून गेला, त्याच्या मागे सळया लोंबत होत्या, त्यांचा जमिनीला घासल्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

"अशा कशा जातील?" ते जवळजवळ चिडून म्हणाले. "मी काय आंधळ्यावानी लावल्ते का? दोन दिवस उन्हात उभा राह्यलो."

"भिंत लावणारा बी उभा राह्यला असंल," अब्बा म्हणाले.

बापूरावांना यातलं काही कळलं नव्हतं. ते म्हणाले, "कुनाची भिंत पडली का?"

दादामियाँ खाली बसले. मी गोळीची डबी उघडली, त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग म्हणाले, "जावेद, काढ तुझं यंत्र." जावेदने अब्बांकडे पाहिलं. अब्बा म्हणाले, "काढ." जावेदने आधी जीप मागे घ्यायला लावली. बापूरावांनी विचारलं, "कढई बी लांब नेऊ का? आन् माझी विळी?" नेली. डबी लिंबाखाली ठेवली. दगडांच्या ओळीत भिंतीइतकाच फरक निघाला, उत्तरेकडे थोडा.

मी दादामियाँच्या तोंडाकडे पाहत होते. मला टिनाचा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं.

"डाव्या टोकाचा दगड पुढं घे," ते जावेदला म्हणाले. "हातभर. आता बघ. अजून थोडा. हां. आता मधले जुळव." जावेद दगड सरकवत होता, जुन्या जागी चुन्याचे पांढरे ठसे राहिले होते. "आज कळलं तर आज सरकवायचं. काल उभे राह्यले त्यांचं काल झालं." मग अब्बांकडे न पाहता म्हणाले, "तू हेच बोलून राह्यल्ता ना, इतके दिवस?"

"हौ," अब्बा म्हणाले. त्यांच्या तोंडून अम्मीचा दखनी शब्द निघून गेला.

बापूरावांनी लाकडी खुर्ची आणली. दादामियाँ तिच्यावर बसून अब्बांच्या मागे पढले. पहिल्यांदाच बसून.

मशिदीत सळया हलल्या, ओटा झाला, नवी फरशी बसली. भिंत तशीच राहिली. फरशीवर ओळींच्या ज्या काळ्या रेघा आखल्या त्या अब्बांनी कमिटीला पटवून भिंतीला किंचित तिरक्या आखून घेतल्या. नवख्या माणसाला वाटतं गवंड्याचा हात चुकला. चिंचोक्यांचा डबा अम्मीने उचलला, चिंचोके तव्यावर भाजले आणि मला खायला दिले. दादामियाँना दात नव्हते. त्यांनी एक तोंडात धरून चघळला. वसवसा एका दिवसात गेला असं मी लिहिणार नाही. अधूनमधून ते असर पुन्हा पढायचे, आणि आम्ही पाहत आहोत हे दिसलं की म्हणायचे, "जादाची हाय." आता माझ्या फोनमध्ये किबल्याची दिशा आहे, जालन्याचा आकडाही आहे. पुतण्या मला विचारतो, आत्या, एवढं सोपं असताना तुमच्या वेळी एवढा गोंधळ कशाचा? मी त्याला फोन स्टीलच्या कपाटावर ठेवून बघ म्हणते.

काही वर्षांनी दादामियाँ झोपेत गेले. आमच्याकडे कबर उत्तर-दक्षिण खणतात. मय्यत उजव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, तोंड मावळतीला. मी कब्रस्तानात गेले नाही. संध्याकाळी जावेद परत आला, पायांना माती होती, तेव्हा मी त्याला विचारलं की होकायंत्राची डबी नेली होती का.

"खिशात होती," तो म्हणाला. "काढली न्हाई. अब्बांना सगळं तोंडपाठ होतं."

कबर तिथल्या सगळ्या कबरींसारखीच, जुन्या मापाने खणलेली होती. ती कुणी बदलली नाही. अब्बा आत उतरले, त्यांनी वडिलांचं तोंड मावळतीला केलं. मग डोक्याखाली मातीचं एक ढेकूळ सरकवून थोडं उत्तरेला वळवलं. उत्तरेला डोकं असलेल्या माणसाचं तोंड उत्तरेला वळवायचं म्हणजे फक्त हनुवटी बोटभर वर करायची.

जावेद म्हणाला, "नज्जो, खाटेवर बसायचे ना, तसेच दिसत होते."